कोजागरीचं आठ लिटर दूध नासलं. कोणामुळे?

घोडबंदरवाली | २९ ऑक्टोबर २०२३, सकाळी ९:१०

सिंकच्या नळाला नवऱ्याचा पंचा बांधलाय आणि त्यात दोन-अडीच किलो ऐवज टांगलाय. पनीर म्हणावं तर गोड, बासुंदी म्हणावी तर चावून खावी लागते. काल रात्री दहापर्यंत हे आठ लिटर मसाला दूध होतं.

माझे प्रश्न दोन. याचं आता करू काय? आणि हे केलं कोणी? दुसऱ्याचं उत्तर मला साधारण ठाऊक आहे, पण घरात तोंडातून काढायची सोय नाही म्हणून इथे येऊन बसलेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही मानपाड्याला राहतो. सात मजली जुनी सोसायटी. सासरच्या गोतावळ्यात गच्ची असलेलं घर आमचं एकट्याचं, त्यामुळे कोजागरी दर वर्षी आमच्याकडे. यंदा शनिवार आला म्हणून आकडा सव्वीसवर गेला. दादरहून थोरले दीर-जाऊबाई, डोंबिवलीहून नणंद, वाशीहून चुलत सासरे आणि त्यांच्याकडची सात माणसं, वगैरे.

पहिली ठिणगी दूध तापायच्या आधीच पडली. काल खंडग्रास चंद्रग्रहण होतं, रात्री १:०५ ते २:२२. वेध दुपारी चारच्या सुमारास लागले. सासूबाईंनी जाहीर केलं, वेधात खायचं-प्यायचं नाही. मग दूध आटवायचं कशाला, चंद्राला दाखवून ओतून द्यायचं का, यावर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस धुमश्चक्री. शेवटी पुतण्याने शास्त्रातूनच पळवाट काढली: लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी यांना सूट असते. झालं! पाच मुलं, चार ज्येष्ठ, आणि उरलेल्या सतरा जणांनी आपापल्या गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली. बीपी, थायरॉइड, ॲसिडिटी. नणंदेच्या यजमानांना काहीच झालेलं नाही, त्यांनी च्यवनप्राशची बाटली दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "एवढी आजारी माणसं माझ्या घरात आहेत हे मला ठाऊकच नव्हतं."

जमायचं सात वाजता ठरलेलं. वाशीची मंडळी सव्वाआठला उगवली. "माजिवड्याला अडकलो हो." हे वाक्य ठाण्यात चलनी नाण्यासारखं आहे, कोणी वाजवून बघत नाही. पण काका चप्पल काढता काढता बोलून गेले, की ऑस्ट्रेलियाच्या ३८८ च्या मागे धावताना न्यूझीलंड ३८३ वर थांबली, काय शेवटची ओव्हर होती! म्हणजे मॅच संपल्यावर घरून निघाले. त्यानंतर गच्चीवर पुरुषमंडळींनी मोबाइलवर नेदरलँड्स विरुद्ध बांगलादेश लावली. यांच्या सात पिढ्यांत कोणी नेदरलँड्सला गेलेलं नाही.

थोरल्या दिरांचं औक्षण झालं. (आश्विनी. ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात ना कोजागरीला, तेच. हे अपत्य छप्पन्न वर्षांचं आहे.) गच्चीवर वारा, निरांजन टिकेना. शेवटी लेकीने मोबाइलचा टॉर्च लावला आणि सासूबाईंनी त्याच्यासकट ओवाळलं. त्यांना पाटावर बसताना मांडी घालता आली, उठताना दोन पुतणे लागले.

आता दूध. आजेसासूबाईंचं पितळी पातेलं, केटरिंगवाल्याकडची शेगडी, नऊला दूध ठेवलं. पावणेदहापर्यंत छान आटलं होतं, साखर विरघळली होती, नवऱ्याने चव घेऊन 'फर्स्ट क्लास' म्हटलं होतं. अडचण चंद्राची होती. आमच्या पूर्वेला दोन वर्षांत एक टॉवर उभा राहिलाय आणि चंद्र त्याच्यामागे होता. चांदणं समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर, आमच्यावर टॉवरची सावली. दहाला पाच कमी असताना तो बाजूने बाहेर आला आणि नेमका पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात उजेड पडला. सासूबाईंचा हुकूम: पातेलं तिकडे न्या, दिवे बंद करा, चांदणं दुधात पडलं पाहिजे.

चौघांनी फडक्यांनी धरून पातेलं उचललं, पालखीसारखं. गच्चीवरचे दिवे बंद. आणि त्याच मुहूर्तावर टाकी भरून वाहायला लागली. पाण्याची धार थेट सतरंजीवर. मुलं किंचाळली, काकू पातेल्याऐवजी पर्स वाचवायला धावल्या, कोणीतरी कुरमुऱ्यांचं पोतं छातीशी धरून जिन्याकडे पळालं, वॉचमनला हाका सुरू झाल्या. या सगळ्यात दूध मात्र मी सोडलं नाही. आमच्याच सामानातून चाचपडत केशर-बदामाचा डबा काढला, ओतला, जायफळ किसलं, डावाने तळापासून ढवळलं. सगळ्यांनी हात जोडले. दोन मिनिटं अगदी शांत.

मग दिवे लागले. पातेल्यात चहाच्या रंगाचं पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या गाठी.

सव्वीस माणसं गप्प. मोबाइलवर हायलाइट्समध्ये तेवढी बांगलादेशची विकेट पडली.

मग भेळेवर भागवलं. मुलं भुकेजली म्हणून जाऊबाईंनी ती अंधारातच कालवायला घेतली होती. जरा मिळमिळीत झाली, चिंचेचं पाणी कमी पडलं असणार. नणंदेचे यजमान मात्र 'शाही भेळ, शाही भेळ' करत तीनदा घेऊन गेले. पण ते च्यवनप्राशही चवीने खातात. निघताना जाऊबाई लिफ्टपाशी मला म्हणतात, "या वर्षीची भेळ मात्र विसरणार नाही हं." आणि हसल्या. आठ लिटर दूध गेलेल्या बाईला हे बोलायचं?

आता संशयित. दुधाचा रंग तपकिरी झाला होता. तपकिरी कशाने होतो? गुळाने. सव्वीस जणांत गूळ कोणी आणला होता? 'आम्ही साखर बंद केलीय' म्हणत दादरहून सेंद्रिय गुळाची पावडर कोणी आणली होती? मी नाव घेत नाही. मोठ्या पातेल्याजवळ त्या दोनदा गेलेल्या मी पाहिल्यात.

*

ऐरोलीकर | ९:२२

पहिला! 'माजिवड्याला अडकलो' या वाक्याला आमचा ऐरोलीहून पाठिंबा. आम्ही कळव्याला अडकतो.

निरांजन | ९:२६

टॉर्चसकट ओवाळलं, खिक्.
उठताना दोन पुतणे लागले, डबल खिक्.

खवय्या_नौपाडा | ९:३१

आधी पहिला प्रश्न. साखर आधीच पडलीय म्हणजे पनीर विसरा, रसगुल्ल्याचं तर नावच काढू नका. कलाकंद करा. पंचातलं पाणी पूर्ण निथळू द्या, पिळू नका, नाहीतर भुसा होईल. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, त्यात हा छाना, मंद आच, आणि उलथनं हातातून सोडायचं नाही. कडेने सुटायला लागला की ताटात थापायचा. गोडी चाखून मगच साखर. अडीच किलोला दोन कढया लागतील, एकीत करायला जाल तर खालून लागेल.

दूध नासलं म्हणजे वाया गेलं असं समजणारी माणसं मला समजत नाहीत. फक्त कशाने नासलं ते माहीत हवं, म्हणजे खावं की नाही ते ठरवता येतं.

सौ_चौकशी | ९:३८

वेधात दुधावर तुळशीपत्र ठेवतात. ठेवलं होतं का? कोणी? किती?

घोडबंदरवाली | ९:४४

@सौ_चौकशी, हो, सासूबाईंनी. सात पानं, मोजून. पण त्यांचं नाव या धाग्यात संशयित म्हणून येणार नाही, मला याच घरात राहायचंय.

मंद_आच | ९:५०

गूळच. १०१ टक्के. उकळत्या दुधात गूळ घातला की फाटतंच. माझ्या सासरी एकीने गुळाची खीर अशीच घालवली, अजून तिला त्यावरून ऐकवतात. १९९८ ची गोष्ट.

वऱ्हाडी_ठेचा | ९:५८

आमच्याकडे कोजागरीला भुलाबाईची सांगता. महिनाभर पोरी घरोघरी गाणी म्हणायच्या आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खिरापत कोणती ते ओळखायचं. डबा हलवून, वास घेऊन. माझी आजी नुसत्या आवाजावरून दाणे की फुटाणे ते सांगायची. अवांतर झालं, पण डबे म्हटल्यावर आठवलं.

बाकी जाऊबाईंवर आळ घ्यायची घाई करू नका. मीही कोणाची तरी जाऊ आहे.

दुग्धशास्त्री | १०:१५

डेअरीत बावीस वर्षं काढलीत, म्हणून जरा उलटतपासणी घेतो.

१. आठही लिटर एकाच वेळचं होतं का?
२. पातेल्याला कल्हई कधी केली?
३. फाटलेल्या दुधाची चव कोणी घेतली का?

तुळशीच्या सात पानांनी आठ लिटर दूध नासत नाही. सासूबाईंना माझ्याकडून क्लीन चिट.

घोडबंदरवाली | १०:२८

@दुग्धशास्त्री,
१. हो.
२. गेल्या वर्षी. कल्हईवाला आता दारावर येत नाही, जांभळी नाक्याला विचारत विचारत शोधला होता. पितळ कुठेही उघडं पडलेलं नाही, मी आज परत बघितलं.
३. लेकीने घेतली. म्हणाली आंबटगोड आहे, वाईट नाहीये. ती पंधरा वर्षांची आहे, तिला सगळंच 'वाईट नाहीये' असतं.

घोडबंदरवाली | १०:४१

१ ची दुरुस्ती. सहा लिटर संध्याकाळी तबेल्यातून आलं. दोन लिटर सकाळचं होतं.

दुग्धशास्त्री | १०:४३

सकाळचं फ्रिजमध्ये होतं?

घोडबंदरवाली | १०:५६

बराच वेळ होतं. मग भेळेची कोथिंबीर, कैरी आणि बटाटेवड्यांचं सारण ठेवायला जागा केली, तेव्हा तासभर बाहेर राहिलं असेल. दीड तास.

कट्टेकरी | ११:०२

अगागागा. 'हो' पासून 'दीड तास' पर्यंत अठ्ठावीस मिनिटांत. ह्यांना पोलीस ठाण्यात नेलं तर अजून दोन लिटर निघेल.

दुग्धशास्त्री | ११:२०

तरीही हे कारण पटत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात बाहेर राहिलेल्या दुधात आंबटपणा वाढतो हे खरं, पण असं दूध उकळी येतानाच फाटतं. डेअरीत तीच चाचणी असते. परीक्षानळीत थोडं दूध उकळतात, गाठी आल्या की टँकर परत. तुमचं दूध पाऊण तास उकळून, आटून, साखर विरघळून 'फर्स्ट क्लास' ठरलं होतं. म्हणजे पावणेदहापर्यंत दूध निर्दोष. जे काही पडलं ते त्यानंतर.

ताज्या दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास असतो. साध्या तापमानाला तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, एकत्र येऊन गाठी होतात. दूध कढत असेल तर इतकं खालीही जावं लागत नाही. पण आठ लिटर फाडायला चमचाभर काहीतरी पुरत नाही. पनीरला लिटरमागे एका लिंबाचा रस धरला तर तुमच्याकडे आठ लिंबं पिळली गेलीत. ही चूक चिमूटभर नाही, वाटीभर आहे. चांगलं आंबट, आणि भरपूर.

मंद_आच | ११:२६

म्हणजे गूळ. अख्खं पाकीट.

आकाशवेडा | ११:३४

दुधातलं मला कळत नाही, पण चंद्राच्या वतीने निवेदन. कालच्या ग्रहणात चंद्राचा जेमतेम सहा टक्के भाग गडद छायेत गेला. तोही एक वाजून गेल्यावर, आणि तुमचं दूध दहाला फाटलं. चंद्राकडे सज्जड पुरावा आहे, तो तेव्हा टॉवरमधून नुकताच सुटला होता.

चंद्राशेजारचा ठळक ठिपका बघितलात की नाही? गुरू होता. मी येऊरच्या पायथ्याशी दुर्बीण लावून बसलो होतो, गुरूचे चारही मोठे चंद्र दिसले. सव्वीस माणसं आणि एकाने वर बघितलं नसेल, खात्री आहे.

घोडबंदरवाली | ११:४०

@आकाशवेडा, वर बघितलं होतं. टाकी कुठून गळतेय ते बघायला.

सौ_चौकशी | ११:४७

गुळाचं नीट सांगा. जाऊबाईंनी गूळ मोठ्या पातेल्यात घातला का? तुम्ही डोळ्यांनी बघितलं का? गुळाची पावडर किती होती आणि किती उरली?

घोडबंदरवाली | दुपारी १२:१५

आत्ता नणंदेला फोन लावला, सहज विचारतेय असं दाखवून. ती म्हणते, जाऊबाई मोठ्या पातेल्याजवळ गेल्या त्या दूध काढून घ्यायला. साखर पडायच्या आधीच त्यांनी तीन मधुमेह्यांसाठी छोट्या पातेलीत दूध वेगळं काढलं, ते पार कोमट होऊ दिलं आणि मग गूळ घातला. ते दूध फाटलंच नाही. थोरले दीर, वाशीचे काका आणि मावससासूबाई अशा तिघांनी ते गुपचूप प्यायलं. म्हणजे काल रात्री अख्ख्या गच्चीवर मसाला दूध मिळालं ते फक्त डायबेटिसवाल्यांना.

मला हे कोणी सांगितलं का? नाही. मी पातेल्यापाशी डोळे पुसत होते.

मंद_आच | १२:२१

गूळ कोमट दुधात घातला तर फाटत नाही हे मी म्हणणारच होते.

ऐरोलीकर | १२:२३

@मंद_आच, १०१ टक्के.

घोडबंदरवाली | १:३५

कलाकंद अपडेट. @खवय्या_नौपाडा, तंतोतंत केलं. दोन कढया, मी आणि लेक, पाऊण तास. दिसायला झकास. वरून पिस्ते लावले. तुळशीची पाच पानं सापडली, दोन बेपत्ता आहेत.

चव मात्र चमत्कारिक. आधी गोड लागतं, मग जिभेच्या कडा आवळतात. लहानपणी शाळेबाहेर काडीला लावून मिळायची ना चिंचेची गोळी, तसं काहीसं. नवरा म्हणतो जायफळ जास्त झालं. जायफळाने जीभ आवळते का?

खवय्या_नौपाडा | १:४१

जायफळाने झोप येते. जीभ आवळत नाही.

काहीतरी मुरतंय इथे. म्हणजे कलाकंदात नाही, धाग्यात.

कट्टेकरी | २:५०

धागा वर काढतोय. मॅच बघताय की नाही? कोहली शून्यावर गेला.

घोडबंदरवाली | २:५८

आमच्याकडे त्याचा संबंध कलाकंदाशी जोडला गेलाय. तो बाद झाला तेव्हा नवऱ्याच्या तोंडात दुसरी वडी होती. ताट झाकून ठेवायचा आदेश आहे. सासूबाई म्हणतात, ग्रहणाचं दूध, दुसरं काय होणार.

पुरावा_द्या | ४:२०

सकाळपासून वाचतोय, आता राहवत नाही. मूळ लेख तीनदा वाचला. मला फक्त भेळेत रस आहे.

भेळ 'मिळमिळीत' होती. चिंचेचं पाणी 'कमी पडलं असणार'. म्हणजे कमी केलं होतं का? किती केलं होतं, कशात ठेवलं होतं आणि गच्चीवर कोणी नेलं?

आणि केशर-बदामाचं दूध कशात होतं?

निरांजन | ४:२४

ओह.

दुग्धशास्त्री | ४:२६

चिंच! टार्टारिक आम्ल. वाटीभर, चांगलं आंबट, आणि तपकिरी. गूळ आणि खजूर घालून केलेलं असेल तर गोडही. लेकीने सकाळीच सांगितलं होतं, आंबटगोड आहे म्हणून.

सौ_चौकशी | ४:२७

अहो घोडबंदरवाली, कुठे आहात? डबे कसे होते?

वऱ्हाडी_ठेचा | ४:३१

हलवून बघायचा होता गं डबा. वास घ्यायचा होता.

ऐरोलीकर | ४:४५

धागाकर्ती माजिवड्याला अडकलेल्या दिसतात.

कट्टेकरी | ५:१०

सतरंजी पसरून बसलोय. कोरडी आहे.

घोडबंदरवाली | ५:५२

आले. खरकटी भांडी उपसत होते. आज रविवार, मावशी सुट्टीवर, त्यामुळे गच्चीवरून आणलेली टोपली तशीच मोरीत पडली होती.

माझ्या लग्नात रुखवतात सहा डबे आले होते. स्टीलचे, एका मापाचे, वर आईचं नाव कोरलेलं. कालच्या तयारीत त्यातले दोन मीच भरले. एकात अर्धा लिटर दुधात केशर, वेलची आणि बदामाची पेस्ट. दुसऱ्यात भेळेचं चिंच-खजुराचं पाणी, काठोकाठ, कारण गेल्या वर्षी कमी पडल्यावरून ऐकून घ्यावं लागलं होतं.

टोपलीत दोन्ही रिकामे सापडले. एकाच्या तळाशी वाळलेला तपकिरी थर, चिंचेचा एक दोरा अजून चिकटलेला. त्याच्या कडेवर जायफळाची पूड. हा मी दुधात ओतला.

दुसऱ्याच्या कडेला पिवळा ओघळ, केशराच्या दोन काड्या, आणि त्याला चिकटलेली बारीक शेव.

निरांजन | ५:५४

वारलेय. केशर-बदाम भेळ!

खवय्या_नौपाडा | ५:५७

म्हणजे 'शाही भेळ' म्हणणारे जावईबापू हे त्या गच्चीवरचे एकमेव रसिक होते. त्यांची माफी मागा. च्यवनप्राशचीही.

दुग्धशास्त्री | ६:०३

केस बंद. कलाकंद बिनघोर खा, चिंच आणि खजूरच आहे. सकाळचं दूध दीड तास बाहेर ठेवल्याबद्दल मात्र स्वतंत्र नोंद घेतली आहे.

घोडबंदरवाली | ६:१५

पण अंधार होता ना! दिवे कोणी बंद करायला लावले? मी नाव घेत नाही.

सौ_चौकशी | ६:१८

जाऊबाईंना फोन केलात का?

घोडबंदरवाली | ६:२४

करते. आधी इंग्लंडची एखादी विकेट पडू दे.

घोडबंदरवाली | रात्री ९:४०

बऱ्याच पडल्या. आपण शंभर धावांनी जिंकलो. त्या आनंदात नवऱ्याने कलाकंदाचं ताट उघडलं आणि मी फोन लावला.

मी म्हटलं, "ताई, कालच्या दुधाचं जरा बोलायचं होतं." त्या म्हणाल्या, "चिंचेचा डबा ना?"

त्यांना रात्रीच कळलं होतं. पहिल्याच घासाला दाढेत केशराची काडी आली. मग त्यांनी पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंना सांगत होते, की हल्ली कोणी काहीही सेंद्रिय आणतं आणि दुधात घालतं. म्हणून त्या गप्प बसल्या आणि भेळ खात राहिल्या. परतीच्या गाडीत त्यांनी दादांशी पैज लावली, मला कळायला किती दिवस लागतील. दादा म्हणाले संक्रांत. त्या म्हणाल्या आठवडा.

दोघंही हरली म्हणून मी जरा खूश झाले. तर म्हणतात, "एका दिवसात तुला एकटीला कळणं शक्य नाही. कोणाला विचारलंस?"

मी म्हटलं, बिल्डिंगमधल्या मैत्रिणींना.

ऐरोलीकर | ९:४४

बिल्डिंगमधल्या मैत्रिणींकडून नमस्कार.

मंद_आच | ९:५१

त्या केशर भेळेचं प्रमाण मिळेल का? कुरमुरे किती, दूध किती? गंमत नाही करत, आमच्याकडे मुलांना चिंचेचं पाणी आवडत नाही.